पाचशे तीसची डबी

माझ्या नातीच्या छऱ्यांचे वजन करण्याचे काम माझ्याकडे आले ते योग्यतेमुळे नव्हे, रिकामपणामुळे. मुलाची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि आम्ही उभयता त्याच्या मागोमाग येथे आलो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला लष्करी छावणीत काय काम असणार? पहाटे स्नान, संध्या, पूजा, मग पोहे, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत पसरलेला एक लांबच लांब दिवस, ज्यात मी कोठेही बसलो तरी कोणाला तरी नेमका तेथलाच केर काढायचा असे.

नात तेव्हा अकरावीत होती आणि एअर रायफलने नेमबाजी करीत होती. दहा मीटरवर लक्ष्य असते आणि त्याचा मध्य पूर्णविरामाच्या टिंबाएवढा. त्या टिंबासाठी ती रोज शाळेनंतर तीन तास जाड कोट घालून उभी राही. जिला लहानपणी शुभंकरोती म्हणण्यापुरतेही एका जागी बसवत नसे, ती तेथे समईसारखी निश्चल उभी असलेली पाहून मला प्रथम आनंद झाला आणि मागाहून थोडा मत्सर वाटला.

या रायफलीत घालायचा छर्रा शिशाचा असतो. कमरेशी बारीक, दोन्हीकडे रुंद. शंकराच्या हातातील डमरू कोणी मुगाएवढा करून ठेवावा तसा. एका डब्यात पाचशे छर्रे येतात. दिसायला सगळे सारखे; पण तोलून पाहिले तर कोणी पाचशे पंचवीस मिलिग्रॅम, कोणी पाचशे तीस, कोणी पस्तीस. तिचे प्रशिक्षक म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार. त्यांचे मत असे की दहा मीटरवर या फरकाने काही बिघडत नाही. नातीलाही ते पटत होते, फक्त ऐन वेळी पटत नव्हते.

"आबा, सर बरोबर बोलतात," ती मला म्हणाली, "पण ट्रिगर दाबताना मला वाटतं ना, की मतलब, हा छर्रा वेगळा असेल तर? तेवढं वाटलं की गेला शॉट."

म्हणजे तोलायची होती ती तिची शंका. शिसे निमित्तमात्र होते. हे काम मला माझ्या आवाक्यातले वाटले.

मुलाच्या एका मित्राने परदेशातून येताना एक इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला होता. तळहाताएवढा, पण मिलिग्रॅमपर्यंत बोलणारा. त्याची पुस्तिका मी शब्दकोश शेजारी ठेवून तीनदा वाचली, तेव्हा कळले की हा काटा मुळात घरच्या घरी काडतुसे भरणाऱ्या लोकांसाठी बनवलेला आहे. तिकडे काही हौशी मंडळी वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात आणि त्यांत घालायची बंदुकीची दारू अशा काट्यावर तोलतात. दारूचे चार कण जास्त पडले तर बंदूक हातातच फुटू शकते. म्हणून त्या पुस्तिकेतील सूचनांना एक प्रकारचे भयगंभीर सौंदर्य होते. आमच्या घरात दारूचा कणही नव्हता आणि कधी येणारही नव्हता. तरीही मी सर्व नियम जसेच्या तसे स्वीकारले. ज्या विधींचे मूळ प्रयोजन कधीच सरले आहे असे कितीतरी विधी मी नित्य करीत आलो आहे. त्यांत एकाची भर पडली.

काटा सुरू करून वीस मिनिटे त्याला स्वस्थ ठेवावे, त्याच्या अंगात ऊब आली की मगच तोलायला घ्यावे. त्याखाली हलणारे टेबल नसावे. म्हणून मी मुलाकडून मकराण्याच्या संगमरवराचा एक तुकडा मागवून घेतला आणि तो जमिनीवर पाण्याच्या पातळीशी ताडून बसवला. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. काट्याची वाटी रिकामी असताना शून्य दिसले पाहिजे आणि दर दहा छऱ्यांनंतर ते पुन्हा दिसते की नाही हे पाहिले पाहिजे. श्वास सोडायचा तो मान वळवून. जयपूरच्या उन्हाळ्यात हे सर्व करणे म्हणजे पंचाग्निसाधनच होते, आणि सौभाग्यवतीने तसे बोलूनही दाखवले. जन्मभर मुलांकडून धातुरूपे घोकून घेणारा माणूस म्हातारपणी धातूच तोलत बसला आहे, असे ती शेजारच्या सुभेदाराच्या पत्नीला हिंदीत समजावून सांगत होती. हिंदीत त्यातले फारसे काही उरले नसावे, पण दोघी बराच वेळ हसत होत्या.

पहिला महिनाभर काटा स्थिर राहीना. आकडा मध्येच उडे, चार वर जाई, सहा खाली येई. मी अधिक शुचिर्भूत होऊन बसू लागलो. पूजा आटोपली की सोवळ्याचा रेशमी कद न सोडता तसाच लोकरीच्या आसनावर बसे आणि तोलायला घेई. आकडा तितकाच अधिक उडे. शेवटी नातीनेच सांगितले. या कोरड्या हवेत रेशीम लोकरीवर घासले की वीज साठते आणि ती काट्याला ओढते, हे तिला शाळेत शिकवले होते. मी सुती पंचा नेसून नुसत्या फरशीवर बसलो आणि आकडा तत्काळ शांत झाला. आमच्या घरातले सर्वांत पवित्र वस्त्र काट्याच्या दृष्टीने सर्वांत दूषित होते. त्या दिवशी मी या गोष्टीवर थोडा अधिक विचार करायला हवा होता.

चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या, एका देवळात मी दर सोमवारी जात असे. त्याच गल्लीत एका वृद्ध जवाहिऱ्याची गादी होती. खडे तोलण्यात त्याची हयात गेली होती. मी काट्याविषयी विचारले तेव्हा त्याने मला बसवून घेतले, चहा पाजला आणि त्याच्या धंद्यातले एक तत्त्व सांगितले: मोठ्या वजनाने काटा लावून, म्हणजे जुळवून, घ्या, पण पारखा मात्र ज्याचे वजन करायचे त्याच्याच तोलामोलाच्या वजनाने. मग त्याने आपल्या जुन्या पेटीतून अर्ध्या ग्रॅमचे एक वजन काढून मला भेट दिले. पत्र्याचे नखाएवढे पान, चिमट्याने धरता यावे म्हणून त्याचा एक कोपरा कानासारखा वर वळवलेला. हात लावू नका, बोटाच्या घामालाही वजन असते, असे त्याने बजावले. त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. सकाळी काट्यावर ते पान ठेवायचे. बरोबर पाचशे मिलिग्रॅम दिसले की कामाला आरंभ करायचा. बाकीचे छर्रे वजनाप्रमाणे बरण्यांत आणि पाचशे तीसचे एका निळ्या झाकणाच्या डबीत जात. झाकणावर मी मोठ्या अक्षरांत '५३०' लिहून चिकटवले होते. नात रेंजवर ती डबी उघडण्यापूर्वी एकदा त्या आकड्याकडे पाही. तेवढ्याने तिची शंका मिटे.

मग दसरा आला.

खंडेनवमीला शस्त्रांची आणि उपकरणांची पूजा करायची, हा आमच्या घरचा कुळाचार. पाटावर नातीची रायफल ठेवली, सुनेचा लॅपटॉप, सौभाग्यवतीची विळी, आणि अग्रभागी माझा काटा आणि त्याची वजने. गंध, कुंकू, अक्षता. नातीने विचारले की वजनालाही टिळा कशाला. मी तिला सविस्तर सांगितले की जो सगळ्यांना तोलतो त्याच्यापुढे आपण नम्र असावे, आणि अर्ध्या ग्रॅमच्या त्या पानाला दुसऱ्यांदा गंध लावले. दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने सर्व पुसून जागच्या जागी ठेवले.

त्यानंतर काट्यावर पान ठेवले तर आकडा आला पाचशे पाच.

मी पुन्हा शून्य केले. पाचशे पाच. काट्याबरोबर आलेल्या मोठ्या वजनाने तो नव्याने लावून घेतला, सेल बदलले, संगमरवराची पातळी तपासली, स्वयंपाकघरातला मिक्सरही बंद करवला. पाचशे पाच. तेव्हा मी निष्कर्ष काढला की यंत्र थकले, लहान वजनांना आता ते पाच मिलिग्रॅम वाढवून सांगते. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की शंका असेल तर काटा वापरू नये. परंतु निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. मी एक चिठ्ठी लिहिली, 'पाच वजा', आणि ती काट्याच्या कपाळावर चिकटवली. पाचशे पस्तीस दिसले की मनात पाच वजा करायचे आणि छर्रा पाचशे तीसच्या डबीत टाकायचा. काट्याविषयी मला पूर्ण अविश्वास होता. पानाविषयी शंका मला शिवलीसुद्धा नाही. त्याची तर मी पूजा केली होती.

या नव्या हिशेबाने पाचशे तीसचे छर्रे फारच थोडे निघू लागले आणि पाचशे पंचवीसची बरणी भरून वाहू लागली. कारखान्यातली मंडळी हल्ली लक्ष देऊन काम करीत नाहीत, असे मी जेवताना म्हणालो. मुलाने मान डोलावली. तो जेवताना नेहमीच मान डोलावतो.

चाचणी रविवारी होती. त्यातून राज्याचा संघ निवडला जाणार होता. आणि पुढच्या वर्षी बारावी, त्यानंतर कॉलेज, म्हणून यंदा नाही तर बहुधा कधीच नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. शनिवारी दुपारी मी डबीवर शेवटचा हात फिरवीत होतो. नात रेंजवर गेली होती; त्या दिवशी छऱ्यांविना नुसता नेम धरण्याचा सराव होता. सौभाग्यवती जेवायला बोलवायला आली ती माझ्याजवळ वाकून उभी राहिली. महिन्यापूर्वीच तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचे दोष तिला फार स्पष्ट दिसत.

"अहो, याच्या कानात कुंकू आहे," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"या तुमच्या पानाच्या. वळवलेल्या कोपऱ्यात बघा. बिचाऱ्या काट्याला इतके दिवस नावं ठेवताय. आधी देवाला अंघोळ घाला."

मी टाचणीने तो कोपरा कोरला. वाळलेल्या गंधाचा आणि कुंकवाचा एक खवला निघाला, मोहरीच्या फोलाएवढा. तो एकटा काट्यावर ठेवला. काट्याने सांगितले: पाच. मग पान ठेवले. पाचशे. काटा तीन आठवडे अक्षरशः खरे बोलत होता आणि मी त्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून त्याला खोटा ठरवला होता. त्याची क्षमा कशी मागावी हे मला कळेना. चिठ्ठी काढली आणि जेवायला गेलो.

जेवण गेले नाही. पाचशे तीस लिहिलेल्या डबीतला प्रत्येक छर्रा पाचशे पस्तीसचा होता. उद्या नात झाकणावरचा आकडा पाहून निःशंक होणार, आणि तो आकडा खोटा. खरे पाचशे तीसचे छर्रे पंचवीसच्या बरणीत तुंबलेले होते. ती पाच वाजता परत येणार. तोपर्यंत शंभर छर्रे तोलून बदलून ठेवता आले असते. तिला काही न सांगणे हे असत्य भाषण ठरते काय, याचा मी वामकुक्षीच्या वेळात विचार केला आणि ठरत नाही असा निर्णय स्वतःला दिला. विचारणाराही मीच होतो आणि उत्तर देणाराही, त्यामुळे मतभेद झाला नाही. मी डबी फडक्यावर उपडी केली आणि बरणी उघडली.

प्रशिक्षकांनी त्या दिवशी तिला लवकर घरी पाठवले. उद्यासाठी विश्रांती घे म्हणून.

"आबा, माझी डबी रिकामी का आहे?" दारातून प्रश्न आला.

या प्रश्नाची तीन उत्तरे माझ्यापाशी तयार होती आणि त्या तिन्हींमध्ये प्रत्येक शब्द खरा होता. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यांतले एकही देता आले नाही. मी सगळे सांगितले. गंधापासून टाचणीपर्यंत. ती दप्तर न काढता फरशीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे दसऱ्यापासून मी पाचशे पस्तीसनी मारतेय?"

"होय."

"सगळे पस्तीस? एकही दुसरा नाही?"

"एकही नाही. चूक झाली, पण ती सर्वांच्या बाबतीत सारखी झाली."

तिने दप्तर काढून बाजूला ठेवले. मग ती म्हणाली, "आबा, दसऱ्यापासूनच माझे सगळ्यात चांगले स्कोअर आहेत. घरी मी सांगितलं नाही, नजर लागते म्हणून."

हा तिच्या सरावाचा परिणाम असेल, असे मी म्हणालो. असेल, ती म्हणाली, पण उद्या तरी काही बदलायचे नाही. तेच छर्रे परत भरा. तोपर्यंत मी काही छर्रे बरणीतल्या छऱ्यांत मिसळून बसलो होतो. तेव्हा त्या संध्याकाळी मी पुन्हा काटा लावला, निष्कलंक पानाने तो पारखून घेतला आणि शंभर छर्रे अचूक तोलून माझी चूक जशीच्या तशी पुन्हा घडवली.

मग मी झाकणावरचा आकडा खोडायला पेन घेतले. तिने माझा हात धरला.

"लेबल नको, आबा. मी रोज ते पाचशे तीस बघूनच उघडते. उद्या तिथे पस्तीस दिसलं की डोक्यात हेच सगळं येईल."

"पण ते खोटे आहे, बाळ."

"छर्रे सगळे सारखे आहेत ना?"

"तंतोतंत."

"मग झालं ना."

माझे काही झाले नव्हते. ज्या वस्तूवर माझे हस्ताक्षर आहे तिच्यावर जाणूनबुजून असत्य राहू द्यावे, असा प्रसंग सत्तर वर्षांत आला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेनंतर एक मार्ग सुचला. डबी उलटी करून तळाशी बारीक अक्षरांत लिहिले: 'पञ्चत्रिंशदधिकपञ्चशतम्'. पाचशे पस्तीस. वर असत्य, खाली सत्य. एकाच डबीवर दोन्हींची नोंद. देवनागरी ती हिंदीमुळे वाचते, पण एवढा समास ओलांडून पलीकडे जाण्याची तिची तयारी नाही, याची मला खात्री होती. तिला संस्कृत न शिकवल्याचे समाधान मला त्या दिवशी प्रथमच वाटले.

रेंजवर प्रशिक्षक माझ्या शेजारी बसले होते. मला राहवेना, मी त्यांनाही सांगून टाकले. ते मिशीतल्या मिशीत हसले. "बाबूजी, पाच मिलीग्राम? दस मीटर पर? कुछ नहीं होता. बस बच्ची को मत बताना."

मी म्हणालो, सांगितले. त्यांचे हसू थांबले.

पहिले दहा शॉट बरे गेले. दुसऱ्या दहांत शेवटचे दोन वाईट पडले, लागोपाठ. तिने रायफल खाली टेकवली. मागून मला तिची मान तेवढी दिसत होती, आणि त्या मानेत मला कुंकू, टाचणी आणि माझे सगळे सत्यभाषण स्पष्ट दिसत होते. प्रशिक्षक पुढे पाहत होते, माझ्याकडे पाहण्याचे टाळत होते. तिने डबी उचलली. झाकण बंद केले. त्यावरच्या आकड्याकडे पाहिले. मग डबी उलटी करून तळाशी पाहिले, तेथे क्षणभर बोट टेकवले आणि डबी खाली ठेवली. मी डोळे मिटले. पुढचे चाळीस शॉट मी फक्त ऐकले.

यादी दुपारी लागली. तिचे नाव शेवटचे होते, पण होते. सुनेला रडू आले, सौभाग्यवतीने कोणाला न विचारता प्रशिक्षकांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. नात माझ्यापाशी आली आणि पाया पडली. असे ती सहसा करीत नाही.

"आबा, तुम्ही खाली मंत्र लिहिला होता ना? मला पूर्ण वाचता नाही आला. पण मध्ये डोकं फिरलं तेव्हा मी त्याला हात लावला. मतलब, एकदम शांत वाटलं. कशाचा आहे?"

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे, मी सांगितलेच, आता उत्तम आहेत.

"त्यात असत्य काही नाही," मी म्हणालो. ते तिला पुरले.

आता खंडेनवमीला अर्ध्या ग्रॅमच्या पानाला मी दुरूनच नमस्कार करतो. गंध काट्याच्या खोक्याला लावतो. बाकी नियम तेच आहेत. सुती पंचा, बंद पंखा, वीस मिनिटांची ऊब, दर दहा छऱ्यांनंतर शून्य. पाचशे पस्तीसचा एक एक छर्रा वेचून घेतो. जुनी डबी झिजली म्हणून नातीने मागच्या महिन्यात नवी आणली आणि आठवणीने सांगितले की वर पूर्वीसारखेच पाचशे तीस लिहा, आणि खाली मंत्र.

मी दोन्ही लिहून दिले.